मोटारबाईचा अंगठा

एकोणीस जानेवारीला धाकट्या दिराने कंपनीच्या खात्यात चार लाख अठरा हजार सातशे पन्नास भरले आणि पावती खिशात घालून तो तडक थोरल्या भावाच्या घरी आला. भर सकाळी औषधांचं दुकान नोकरावर टाकून बाहेर पडणं ही त्याच्या हातून वर्षातून एखाद्या वेळीच घडणारी गोष्ट. दारातूनच त्याने पुकारा केला, "वहिनी, टोपली घेतली!"

वहिनी, म्हणजे गाव जिला मोटारबाई म्हणून ओळखतं ती, नुकतीच चाकांतली हवा तपासून हात धुवत होती.

"घेतली, की नुसतीच ठरवली?"

"निम्मे भरले. उरलेले ताबा घेताना. एक मार्चला सकाळी मैदानावरून उडायचं, नदी ओलांडायची आणि थेट पलीकडच्या दुकानाच्या गच्चीवर उतरायचं. पुलावरच्या गर्दीत जाणारा तास वाचला बघा!"

"आणि खाली पेटी घेऊन कोण उभं राहणार?"

"आता कोणीही लागत नाही. माहितीपत्रकात छापलंय की. चाळीसपैकी चाळीस! चाळीस कोरी माणसं, चाळीसही आपापली उतरली. त्यातला एकविसावा कोण? मी!"

थोरल्या भावाने पेपरातून मान वर काढली नाही. "धाकट्या, स्कूटर स्टँडवर लावायला तुला दोन वर्षं लागली होती."

"म्हणूनच तर ही घेतली, दादा. हिला स्टँडच नाही."

मोटारबाई हसली. त्या दिवशी तिला यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. चाळिसावा माणूस उतरला तेव्हा तिने स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

टोपली म्हणजे एका माणसाचं विमान. कंपनीने तिला भारदस्त नाव दिलं होतं, पण कमरेपर्यंत येणारा गोल सांगाडा, मध्ये एक खुर्ची आणि भोवती जाळीतले सहा पंखे पाहून लोकांनी टोपली म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं. आत उजव्या हाताला एक मूठ आणि एक हिरवं बटण, बस्स. मूठ जिकडे कलवाल तिकडे टोपली जाणार. सोडून दिली की हवेत जागच्या जागी उभी राहणार. बटण दाबलं की हळूहळू खाली येणार, फक्त उतरण्याच्या जागेवर नेमकं आणायचं काम माणसाचं. वारा, तोल, पंख्यांचा वेग हे सगळं यंत्र बघणार. ज्याला सायकलसुद्धा येत नाही त्यालाही अर्ध्या दिवसात उडता यावं, असा कंपनीचा दावा होता. दावा खरा की खोटा हे ठरवायला कंपनीने चाळीस कोरी माणसं जमवली. कोरी म्हणजे आयुष्यात काहीही न उडवलेली. शिंपी, शाळेतल्या बाई, एक न्हावी, दोन गृहिणी, आणि हा औषधवाला.

या माणसांवर जमिनीवरून लक्ष ठेवायला कोणीतरी हवं होतं. मुरलेला वैमानिक नवशिक्यावर फार लवकर वैतागतो, असा कंपनीचा अनुभव. मग कोणीतरी मोटारबाईचं नाव सुचवलं. सव्वीस वर्षं ती मोटार शिकवत होती. तिच्या गाडीत तिच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवर पाय ठेवण्याची तिची एक खास पद्धत होती. बाकीचे शिकवणारे धाडकन ब्रेक दाबतात, वर ओरडतात. तिचा पाय इतका अलगद पडायचा की शिकणाऱ्याला वाटावं, आपणच थांबवली. "माणसाला एकदा कळलं की दुसरा ब्रेक आहे, तर तो पहिला विसरतो," असं ती म्हणायची. तिच्या हाताखालून गेलेल्या अर्ध्या गावाला त्या दुसऱ्या ब्रेकचा पत्ता नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

मैदानावर तिच्या हातात एक पेटी आली. पेटीवर अंगठ्याने हलवायची छोटी मूठ. ती जराशी हलवली तर टोपलीतल्या माणसाच्या हुकमात तेवढीच भर किंवा घट व्हायची. पुरती ढकलली तर टोपलीचा सगळा ताबा पेटीकडे यायचा, लाल दिवा लागायचा आणि यंत्रात नोंद व्हायची. दिवा लागला की माणूस नापास. दिवा लागला नाही, तर तिने कागदावर 'हस्तक्षेप नाही' असं लिहून सही करायची, आणि तो कागद परवाना कचेरीत जायचा. तिने चाळीस वेळा लिहिलं, चाळीस वेळा सही केली. एकदाही दिवा लागला नव्हता.

पावतीनंतर आठवड्याभराने विक्रीसाहेबाने तिला बोलावणं पाठवलं. हा माणूस सगळ्यांना मॅडम म्हणायचा आणि कोणाचंही वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. जाहिरातीसाठी फिल्म तयार झाली होती, त्यात बाईही दिसतात, तेव्हा बघून घ्या, असा निरोप. विक्रीच्या खोलीत भिंतीएवढा पडदा. यंत्राचं काम बघणारी तरुण इंजिनीअर मुलगी कोपऱ्यात बसली होती. फिल्म सुरू झाली. आकाश, टोपली, टोपलीत दात दाखवणारा औषधवाला. मग कॅमेरा खाली आला आणि मोटारबाईच्या हातांवर थांबला. मागून भारदस्त आवाज म्हणाला, "पेटी हातात आहे. पण वापरावीच लागत नाही."

पडद्यावर तिचा अंगठा हलत होता.

तिला आधी ते कळलंच नाही. मग तिने पाहिलं की टोपली डावीकडे झुकली की अंगठा उजवीकडे जातो. टोपली घाईने खाली येऊ लागली की अंगठा मागे येतो. अगदी हलकेच, गव्हाएवढा, पण दर वेळी. चेहरा निवांत, डोळे आकाशाकडे, आणि अंगठा आपला सुईदोरा घेतल्यासारखा चालूच. शेवटी औषधवाला पांढऱ्या चौकोनात उतरला, त्याने हात वर केले, आणि फिल्ममधली मोटारबाई टाळ्या वाजवू लागली.

"परत लावा," ती म्हणाली.

"आवडली ना?"

"परत लावा म्हणते मी."

दुसऱ्यांदा ती फक्त अंगठाच बघत होती. आपण काही केलं नाही, हे ती कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगायला तयार होती. आणि समोर भिंतीएवढं लिहिलं होतं की केलं होतं. पायाची सवय अंगठ्यात उतरली होती आणि त्या सवयीने आत येताना विचारलंही नव्हतं.

"साहेब, भाऊजी उतरले नाहीत. मी उतरवलं. आणि हे एक उतरवलं असेल, तर बाकीच्यांचंही तेच असणार."

"मॅडम, अंगठा जरासा हलला असेल. माझाही पाय हलतो बसल्या बसल्या. म्हणून मी काय धावत असतो का?"

"तुमच्या पायावर कोणी उडत नसतं."

कोपऱ्यातली मुलगी हळूच म्हणाली, "काकू बरोबर बोलतायत. थोडी हालचाल नोंदवायची नाही, असं मीच ठरवलं होतं. हात थरथरला, वाऱ्याने धक्का बसला तर उगाच दिवा लागू नये म्हणून. त्या हद्दीच्या आत राहून कोणी पूर्ण विमान उतरवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुमच्या डोक्यात काय आलं नाही ते नंतर बोलू," विक्रीसाहेब म्हणाला आणि मोटारबाईकडे वळला. "मॅडम, चाळीस कागदांवर 'हस्तक्षेप नाही' कोणी लिहिलं?"

"मी."

"सही?"

"माझी."

"मग खोटं तुम्ही लिहिलंत की आम्ही?"

तोंडात मारल्यासारखी ती उठली. जिना उतरताना मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक तिची होती, कबूल. पण चूक कळल्यावर ती सांगायला आलेल्या माणसालाच त्या चुकीखाली गाडायचं, ही कुठली रीत? माहितीपत्रक छापलंय, म्हणून माणसांनी आकाशातून त्याप्रमाणे उतरायचं? यंत्र सोपं करणं हे चांगलं काम आहे, कोणीही त्याला नावं ठेवू नयेत. पण सोपं झालं का हे बघताना दुसऱ्याच्या अंगठ्याची मेहनत यंत्राच्या नावावर मांडायची, हा हिशेब कुठल्याही दुकानात चालला नसता. आणि या हिशेबावर तिचा दीर एक मार्चला नदीवरून जाणार होता.

संध्याकाळी तिने दिराला आणि जावेला घरी बोलावलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

दिराचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "म्हणजे मी उतरलोच नाही?"

"दोघांनी मिळून उतरवलं, भाऊजी. तुम्ही जमिनीजवळ आलात की अंग डावीकडे टाकता. अंगाबरोबर हात जातो, हाताबरोबर मूठ."

"मग मूठ सोडली असती की मी! घाबरलात तर सोडून द्या, हेच तर शिकवलंय."

"घाबरलेला माणूस सोडत नाही. घट्ट धरतो."

"हे तुमचं मोटारीतलं ज्ञान इकडे नका लावू. उद्या म्हणाल, मला गाडी शिकवतानाही तुम्हीच ब्रेक दाबत होतात!"

मोटारबाईने पदर सारखा केला.

"वहिनी? दाबत होतात?"

"पहिला महिनाभर."

जाऊबाईंना हसू आवरेना. "तरी म्हटलं, लग्नाआधी एवढी छान चालवायचे आणि नंतर एकदम काय झालं!"

हसण्याने आगीत तेल पडलं. औषधवाला ताडकन उभा राहिला. "गावभर सांगून बसलोय मी. गिऱ्हाइकं येऊन हात मिळवून जातात. तुम्हाला बघवत नाही, एवढंच खरं. तुम्ही सव्वीस वर्षांत जे शिकवलं ते आता अर्ध्या दिवसात येतंय, म्हणून पोटात दुखतंय तुमच्या."

"धाकट्या, तोंड सांभाळ," थोरला भाऊ म्हणाला. या वेळी पेपर खाली होता.

"राहू दे हो," मोटारबाई म्हणाली. "मला जळकी म्हणा, म्हातारी म्हणा. पण नदीवर जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, माझ्याशिवाय उतरून दाखवा. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. उतरलात तर भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर तुमची माफी मागेन."

"मागालच."

परवानगी विक्रीसाहेबाने दिली नसतीच. पण रोज सकाळी टोपल्या तपासून बघणं हे इंजिनीअर मुलीचं काम होतं, आणि तपासणीत खुर्चीत कोण बसतं हे ती ठरवू शकत होती. निदान त्या सकाळी तिने तसं ठरवलं. "काकू, नोकरी गेली तर मला गाडी शिकवा," एवढंच ती म्हणाली. दुकानात दाखवायच्या टोपल्यांना असते तशी उंचीची आणि वेगाची मर्यादा तिने यंत्रात घातली. मैदानाला लागून एक इमारत उठत होती. तिथल्या मुकादमाकडून वाळूची पोती मागून आणली आणि पांढऱ्या चौकोनापासून थोड्या अंतरावर डाव्या बाजूला रचली.

"डाव्याच बाजूला का?" औषधवाल्याने विचारलं.

"तुम्ही तिकडेच जाता म्हणून."

"वा! उशी आणि पांघरूणही ठेवा."

मुलीने पेटीची बॅटरी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "ही तुमच्याच खिशात राहू दे. म्हणजे नंतर कोणी काही म्हणायला नको." त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली, पट्टा बांधला आणि वहिनीकडे न बघता मूठ पुढे केली.

खरं सांगायचं तर सुरुवात छान झाली. टोपली गुडघाभर वर उठून गवतावरून सरळ गेली, कोपऱ्यावर वळली, परत आली. मोटारबाईच्या मनात आलं, आपण चुकलो असू तर किती बरं होईल. तिने हात पदराखाली घेतले होते. टोपली चौकोनाच्या दिशेने येऊ लागली तसं तिला जाणवलं की पदराखाली अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर दाबला जातोय. उजवीकडे. आणखी उजवीकडे.

औषधवाल्याने बटण दाबलं. टोपली खाली येऊ लागली. जमीन जवळ आली तसा त्याने डावा खांदा टाकला, जसा वाहनातून उतरताना माणूस टाकतो. मूठ कलली. टोपली आज्ञाधारकपणे डावीकडे सरकली. तो दचकला आणि अंग आणखी आवळलं, मूठ आणखी कलली.

"सोडा! काका, मूठ सोडा!" मुलगी ओरडली.

टोपली चौकोन सोडून सरळ पोत्यांवर गेली. जाळी मोडल्याचा आवाज झाला, पंखे थांबले, वाळूचा लोट उठला. दोघी धावल्या. औषधवाला पट्ट्यात तिरका लटकत होता. केसांत वाळू, मिशांत वाळू. लागलं कुठेही नव्हतं.

"मी सोडली होती," तो म्हणाला. "केव्हाच सोडली होती. यंत्रात बिघाड आहे."

त्याच्या उजव्या हातात मूठ होती. बोटं इतकी आवळलेली की पेरं पांढरी पडली होती. मोटारबाईने काही न बोलता एकेक बोट उलगडलं. तिसऱ्या बोटाला त्याने खाली पाहिलं, आणि मग बराच वेळ तो खालीच बघत राहिला.

त्याने टोपली रद्द केली. कारण म्हणून जाऊबाईंची भीती असं लिहिलं. जाऊबाई चार दिवस ते कारण येईल-जाईल त्याला ऐकवत होत्या, "मी घाबरले हो!" पैसे थोडी कापाकापी होऊन परत आले. थोरल्या भावाच्या गोळ्या दुकानातून नेहमीसारख्या येत राहिल्या, पण नोकराच्या हातून.

कंपनीने काय करावं? विक्रीसाहेबाने ती सकाळची परीक्षाही हिशेबात धरली आणि नवीन माहितीपत्रक छापलं. त्यात लिहिलं होतं, 'एक्केचाळीसपैकी चाळीस'. वर प्रामाणिकपणाबद्दल चार ओळी. ते पत्रक मोटारबाईने गाडीच्या टपावर ठेवून दोनदा वाचलं आणि संतापाने तिला हसूच आलं. एक माणूस, तोच माणूस, पेटीसकट उतरला तेव्हा पास आणि पेटीशिवाय आदळला तेव्हा एकच अपवाद! नदीवर कोणी पडला असता, तर बेचाळीसपैकी चाळीस छापलं असतं.

ती तशीच परवाना कचेरीत गेली. आपल्या चाळीस सह्या मागे घ्यायच्या आहेत म्हणाली.

"सही मागे घ्यायचा अर्ज आमच्याकडे नाही, बाई," खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं.

"सही घेतलीत तुम्हीच ना? मग परत देणारही तुम्हीच."

"असं कोणी करत नाही."

"मी करतेय. कोरा कागद द्या. आणि खाली लिहून घ्या की चूक माझी आहे, लपवणूक त्यांची."

तिने अंगठ्याचं सगळं लिहिलं. इंजिनीअर मुलीने जोडीला नोंदीच्या हद्दीची आपली चूक लिहून दिली. पोच मिळेपर्यंत दोघी खिडकीपासून हलल्या नाहीत. मागच्या रांगेतली माणसं कुरकुरली, त्यांना मोटारबाईने वळून असं पाहिलं की रांग सरळ झाली.

कचेरीला जाग यायला वेळ लागला, पण आली. एक मार्चला एकाही टोपलीचा ताबा मिळाला नाही. पुन्हा कोरी माणसं जमवा, आणि पेटीला बोट लागलं तरी दिवा लागला पाहिजे, असा हुकूम निघाला. पहिल्या दहांतले तीन आपापले उतरले. मुलीची नोकरी राहिली, कारण तो दिवा बसवायला दुसरं कोणी नव्हतं. तिने आता मुठीवर बोटांचा दाब मोजायची सोय केली आहे. हात आवळला की टोपली तो हुकूम न मानता जागीच थांबते. पुढच्या दहांतले सात उतरले. मोटारबाईला हे मुलीने घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिने डोळे पुसले. पण मैदानावर तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही. विक्रीसाहेब अजूनही त्याच खोलीत, त्याच पडद्यासमोर बसतो.

त्यानंतर मुकादम पोत्यांसाठी आला. पोती परत मिळाली होती, पण तीन फुटलेली. तो आधी कंपनीत गेला. कंपनी म्हणाली, हा खाजगी प्रकार, आमचा संबंध नाही. मग तो औषधांच्या दुकानात गेला.

"मी का देऊ?" औषधवाला म्हणाला. "मी मूठ सोडली होती."

गिऱ्हाइकं होती, म्हणून मुकादमाने जास्त ताणलं नाही. तो मोटारबाईकडे आला. ती गाडीत होती, शेजारी नवीन शिकाऊ मुलगी, गाडी चढावर बंद पडलेली. तिने काच खाली केली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "कंपनीकडूनच घ्या. मी देणार नाही. देणं ज्याचं आहे त्यानेच द्यायला हवं. दर आठवड्याला जात राहा, पाहिजे तर मी येते बरोबर."

ती दोनदा गेलीही. तीन पोत्यांचे दोनशे दहा कंपनीने मुकादमाला अजून दिलेले नाहीत.